भ्यायचं, पण कशाला किती ते ठरवून

पत्र थोडक्यात असं : लिहिणाऱ्या बाई वडोदऱ्यात भूलतज्ज्ञ आहेत, वय ४६. कुठल्या एका हॉस्पिटलची नोकरी नाही. पाच-सहा नर्सिंग होममधून बोलावणं आलं की आपली बॅग घेऊन जायचं, केस करायची आणि पुढचं ठिकाण गाठायचं. नवरा मकरपुऱ्याला कंपनीत, घर दांडिया बाजारात, घरी दम्याच्या सासूबाई. एप्रिल २०२१ मध्ये, दुसरी लाट ऐन भरात असताना, एका रात्री सिझरसाठी फोन आला. पेशंटला दोन दिवस ताप आणि खोकला, आरटीपीसीआरचा रिपोर्ट यायचा होता. “पीपीई किट आहे का?” असं यांनी विचारलं. “साधा मास्क आहे, गाऊन आहे, तुम्ही लवकर या बेन,” असं उत्तर आलं. यांनी नकार दिला. मग एक धाकटा सहकारी गेला. आई आणि बाळ सुखरूप राहिले, पण आठव्या दिवशी तो सहकारी ॲडमिट झाला आणि तीन आठवडे ऑक्सिजनवर होता. आज तो कामावर आहे, पण पावागड चढणं आता जमत नाही म्हणतो. पुढे एका लग्नात त्या नर्सिंग होमच्या मालक डॉक्टरांनी चारचौघांत म्हटलं, “त्या रात्री बेन घाबरल्या होत्या.” तेव्हापासून बाई प्रत्येक केसला एन-९५ लावतात, घरी शिरण्याआधी आंघोळ करतात, मोबाईल प्लास्टिकमध्ये गुंडाळतात. पेशंट खोकला की त्याच्या श्वासनळीत ट्यूब टाकताना हात थरथरतो. आता शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलनं ओटी आणि आयसीयू मिळून पूर्णवेळ जागा देऊ केली आहे. करारात ‘साथीच्या काळात सेवा बंधनकारक’ असं कलम आहे. नवरा म्हणतो, सोडून दे. सासूबाई म्हणतात, सावित्रीबाई प्लेगच्या पोराला पाठीवर घेऊन गेल्या होत्या. बाईंचे प्रश्न तीन : मी भित्री आहे का? भित्र्या माणसानं ही जागा घ्यावी का? आणि त्या सहकाऱ्याची माफी मागावी का?

डॉक्टर,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच ठिकाणी अडले. त्या रात्रीचं सगळं तुम्ही तपशिलानं लिहिलं आहे. फोन किती वाजता आला, पलीकडून कोण बोललं, लग्नात ते वाक्य ऐकताना हातात काय होतं, सगळं. आणि मग कंसात एक ओळ : ‘केस स्पायनलखाली झाली.’ म्हणजे पाठीत सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर केला, ट्यूब टाकावीच लागली नाही. आपल्या धंद्यातल्या माणसाला ही ओळ कंसात टाकावीशी वाटावी, याचाच मी बराच वेळ विचार केला. मीही आयुष्यभर भूलच दिली आहे, त्यामुळे जे सांगेन ते जरा ओटीच्या भाषेत सांगेन. इतर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

आधी भीतीबद्दल. तुमची भीती खोटी नव्हती, हे स्पष्ट म्हणायला हवं, कारण ते तुम्हाला कुणीच म्हटलेलं दिसत नाही. ऑपरेशनच्या खोलीत सर्जन पेशंटच्या पोटापाशी असतो, सिस्टर ट्रॉलीपाशी असते, आणि आपण डोक्यापाशी. ट्यूब टाकायची म्हणजे पेशंटचं तोंड उघडून त्यात डोकवायचं. त्याचा श्वास आणि आपलं नाक यांत जेमतेम वीतभर अंतर उरतं. २००३ च्या सार्सच्या साथीत हे ठळकपणे दिसलं होतं. तेव्हाच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१२ मध्ये आला. ज्या कर्मचाऱ्यांनी ट्यूब टाकली त्यांना लागण होण्याची शक्यता, ज्यांनी टाकली नाही त्यांच्यापेक्षा साडेसहा पटीच्या आसपास जास्त, असं त्यात निघालं. २०२० च्या मार्चमध्ये जगभरच्या भूलतज्ज्ञांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हाच आकडा फिरत होता. २२ मार्चच्या संध्याकाळी लोक गॅलरीत थाळ्या वाजवत होते तेव्हा आपल्यापैकी बरेच जण घरात बसून मृत्युपत्राचा विचार करत होते. (त्याच थाळ्यांच्या देशात पुढच्या काही आठवड्यांत डॉक्टर-नर्सना भाड्याच्या खोल्या खाली करायला सांगितलं गेलं, पण तो विषय वेगळा.)

मग पुढे काय झालं? १७ देशांतल्या १,७१८ आरोग्य कर्मचाऱ्यांची नोंद ठेवली गेली. त्यांनी कोविडच्या किंवा संशयित पेशंटना मिळून ५,१४८ वेळा ट्यूब टाकली किंवा टाकायला मदत केली होती. त्यांच्यापैकी साधारण दहांत एकाची टेस्ट पॉझिटिव्ह आली, किंवा लक्षणांमुळे त्याला अलग राहावं लागलं, किंवा भरती व्हावं लागलं. म्हणजे धोका होताच. पण दुसऱ्या बाजूनं पाहा. एप्रिल २०२० मध्ये ब्रिटनमध्ये साथीत दगावलेल्या शंभराहून जास्त आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मृत्यूंची छाननी झाली. त्यांत नर्स होत्या, सफाईवाले होते, वॉर्डातले आणि ओपीडीतले डॉक्टर होते. भूलतज्ज्ञ किंवा आयसीयूचा डॉक्टर एकही नव्हता. जे रोज पेशंटच्या तोंडात डोकावत होते, त्यांच्यातला एकही नाही.

बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलांत त्याच सुमारास कर्मचाऱ्यांच्या रक्तातल्या अँटिबॉडी तपासल्या. साफसफाई करणाऱ्यांत ३४.५ टक्के लोकांना लागण होऊन गेली होती. आयसीयूत काम करणाऱ्यांत १४.८ टक्के.

याचा अर्थ मी असा लावते : आयसीयूतला माणूस घाबरला होता आणि त्या भीतीला कामाला लावण्याची सोय त्याच्याकडे होती. त्याला एन-९५ मिळाला, तो नीट बसतो का हे तपासून मिळालं, किट घालताना-काढताना समोर दुसरा माणूस उभा राहिला. फरशी पुसणाऱ्या मावशींना साधा मास्क मिळाला आणि ‘तुमचं काय, तुम्ही पेशंटला हात कुठे लावता’ हे वाक्य. तेव्हा ‘बेन घाबरल्या होत्या’ हे कुणी टोमणा म्हणून फेकलं तर फेकू द्या. घाबरलेल्यांनी आपल्या पेशाची लाज राखली, असं आकडे सांगतात. आपल्याकडे भूलतज्ज्ञ गेले नाहीत असं मी म्हणत नाही. गेले, आणि त्यांतले काही माझ्या ओळखीचे होते. पण ते धीट होते म्हणून गेले आणि तुम्ही भित्र्या म्हणून वाचलात, ही मांडणी साफ खोटी आहे.

आता सासूबाई. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांचं उदाहरण खरं आहे. फक्त ते पुरतं सांगा. सावित्रीबाई १० मार्च १८९७ रोजी गेल्या. प्लेग पिसवांतून पसरतो हे पॉल-लुई सिमोंनं दाखवलं १८९८ मध्ये. हाफकिननं मुंबईत प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली ती १८९७ च्याच जानेवारीत, म्हणजे ती अजून घराघरांत पोहोचायची होती. कशापासून सांभाळायचं हेच जिथं कुणाला ठाऊक नव्हतं, तिथं त्या गेल्या. त्यांच्या हातात आपल्या हातात आहे तेवढं ज्ञान असतं तर त्यांनी ते वापरलं नसतं, असं मानणं हा त्यांचा अपमान आहे. शाळेत पोरींना शिकवण्यासाठी शेणगोळे झेलणारी आणि बदलायला लुगडं सोबत नेणारी बाई ती. धोका ओळखून तयारीनं जाणं तिच्याइतकं कुणाला कळत होतं?

सासूबाईंना सांगायला माझ्याकडे दुसरी एक गोष्ट आहे. १९१०-११ च्या हिवाळ्यात मंचुरियात न्यूमोनिक प्लेग आला. फुफ्फुसांचा, श्वासातून पसरणारा. सुमारे ६० हजार माणसं मेली. चिनी सरकारनं वू लिएन-तेह नावाच्या तिशीतल्या डॉक्टरला हार्बिनला पाठवलं. त्यानं एक शवविच्छेदन केलं, ठरवलं की हा रोग हवेतून येतो, आणि कापसाचा थर मध्ये घालून कापडाचा मास्क बांधायला सगळ्यांना लावलं. तिथं मेनी नावाचे फ्रेंच डॉक्टर आले. वयानं मोठे, अनुभवानं मोठे, प्लेग आधी पाहिलेले. मास्क वगैरे त्यांना पोरखेळ वाटला. हा कालचा पोरगा मला काय शिकवणार, अशी त्यांची भाषा. ते उघड्या तोंडानं पेशंट तपासायला गेले आणि काही दिवसांत वारले. त्यानंतर हार्बिनमध्ये मास्क बांधायला कुणाला दोनदा सांगावं लागलं नाही. मेनी भ्याड नव्हते, हे उघड आहे. त्यांच्या धैर्याचा पेशंटांना मात्र काही उपयोग झाला नाही, कारण पुढच्या पेशंटला तपासायला ते उरलेच नाहीत.

इथपर्यंत मी तुमच्या बाजूनं बोलले. आता जरा टोचेल.

तुमच्याच पत्रात आहे की त्या रात्री तुमच्या बॅगेत एन-९५ होता. फेसशील्ड होती. हातमोजे होतेच. लशीचे दोन्ही डोस होऊन महिना उलटला होता. नव्हता तो पांढरा कव्हरऑल. आणि केस सिझरची, म्हणजे शंभरात नव्वद वेळा आपण स्पायनलच देणार. पाठीमागे बसून, पेशंटच्या तोंडावर मास्क ठेवून. स्पायनल फसलं तर जनरल, म्हणजे पूर्ण भूल देऊन ट्यूब, द्यावं लागतं, हे मला माहीत आहे, आणि रात्री एक वाजता तुमच्या डोळ्यांसमोर तेच चित्र आलं असणार. पण तेव्हाही नाकाचं आणि डोळ्यांचं रक्षण करणारं सामान तुमच्याजवळ होतं. हा आजार श्वासातून शिरतो. पांढऱ्या झिपच्या सूटनं तो अडतो असं आपल्याला टीव्हीनं पटवलं. साधा लांब बाह्यांचा गाऊन, हातमोजे, डोळ्यांवर आडोसा आणि नीट बसलेला एन-९५ एवढं त्या कामाला पुरतं.

तुमची भीती खरी होती, पण त्या रात्री ती मोजलेली नव्हती, असं माझं मत आहे. तिनं स्पायनल आणि ट्यूब, दोन डोस घेतलेली तुम्ही आणि २०२० मधल्या तुम्ही, हे सगळं एकाच रंगात रंगवून टाकलं. वर्षभर न झोपलेल्या माणसाचं असंच होतं, त्यात नवल काही नाही. तरीही माझं उत्तर तुम्हाला हवं असेल तर ते हे : तुम्ही जायला हवं होतं. आणि त्यांनी तुम्हाला असं बोलवायला नको होतं. साथ सुरू होऊन वर्ष उलटलं होतं. २०२० च्या मे महिन्यातच देशात रोज दोन लाख किट आणि तितकेच एन-९५ तयार होत होते. २०२१ च्या एप्रिलमध्ये ज्या नर्सिंग होमच्या कपाटात एकही किट नसतं, त्याच्या मालकानं लग्नात उभं राहून दुसऱ्याच्या भीतीवर बोलावं, याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. त्या वाक्यानं एक काम मात्र चोख केलं. सामान का नव्हतं, हा प्रश्न तिथं कुणी विचारलाच नाही.

तुमच्यासमोर दोनच वाटा होत्या, असं तुम्ही धरून चालला आहात : आहे तसं जायचं किंवा जायचंच नाही. कॉलवर जाणाऱ्या भूलतज्ज्ञांची ही जुनी सवय आहे. सर्जन बोलावतो, आपण हो किंवा नाही म्हणतो. अटी घालणं आपल्याला उद्धटपणा वाटतो, कारण पुढची केसही त्याच्याच हातात असते. पण ‘येते’ आणि ‘नाही’ यांच्यामध्ये बरीच जागा आहे. “मी निघते आहे. मी पोहोचेपर्यंत पेशंटच्या तोंडाला मास्क लावा, ओटीत चार माणसांपेक्षा जास्त नकोत, सिस्टरला माझ्याकडचा एन-९५ देईन, भुलीच्या मशीनच्या सर्किटला लावायचा फिल्टर नसेल तर शेजारच्या हॉस्पिटलातून आणवा, मुलगा पाठवा.” हे वाक्य फोनवर अर्ध्या मिनिटात होतं. आणि खरोखरच नाही म्हणायची वेळ आली तर, ‘मी येत नाही, पण अमुक डॉक्टरांना मी स्वतः फोन लावते, त्यांना हे हे सामान माझ्या घरून उचलू दे’ इथवर जाऊन मग फोन ठेवायचा. आपल्या व्यवसायाच्या २००२ च्या नियमावलीत एक ओळ आहे : साथ आली असता स्वतःला लागण होईल या भीतीनं डॉक्टरनं कर्तव्य सोडू नये. ती ओळ कठोर आहे. ती लिहिणाऱ्यांनी सामान कोण पुरवणार हे तिथंच लिहिलं असतं तर बरं झालं असतं. पण ती आहे, आणि तिच्यातला ‘सोडू नये’ हा भाग मला मान्य आहे. भिऊ नये असं ती म्हणत नाही.

सहकाऱ्याबद्दल. त्याला त्या केसमध्येच लागण झाली, हे तुम्ही गृहीत धरलं आहे. आठ दिवसांचा हिशेब बसतो, हे खरं. पण त्या आठवड्यात तो रोज किती ठिकाणी गेला असेल? त्यानं दुसरा डोस घेतला नव्हता, हेही तुम्हीच लिहिलं आहे. आणि खरं सांगू का, आपल्यातल्या बऱ्याच जणांना लागण ओटीच्या टेबलापाशी झाली नसावी, असं मला फार वाटतं. ती ओटीबाहेरच्या त्या छोट्या खोलीत झाली असावी. तुम्हाला ठाऊक आहे ती खोली. खिडकी नाही, एसी कोंडलेला, एक बाक, एक फ्रिज. दोन केसच्या मध्ये सगळे तिथं येतात, मास्क हनुवटीवर ओढतात, आणि कुणीतरी मागवलेली सेव-उसळ एकाच मोठ्या प्लेटमधून चमच्यानं वाटून खातात. तासभर किट घालून घामाघूम झालेला माणूस तिथं दहा मिनिटं मोकळा श्वास घेतो. शेजारी बसलेला तिसराच कुणी, ज्याला अजून लक्षणं नाहीत, तोही घेतो. पेशंटला आपण घाबरत होतो, एकमेकांना नाही.

म्हणून, त्याच्या आजारपणाची माफी मागू नका. ती तुमची नाही, आणि मागितलीत तर तुम्हाला माफ करण्याचं काम त्या बिचाऱ्यावर येऊन पडेल. तो लगेच म्हणेल, “अरे मॅडम, सोडा ना,” आणि विषय कायमचा बंद होईल. त्यापेक्षा त्याला घरी चहाला बोलवा आणि एवढंच म्हणा : “त्या रात्री मी नाही म्हटलं आणि तू गेलास. मला ते आजवर बोलता आलं नाही. तुला माझा राग आला होता का?” मग गप्प बसा आणि ऐका. आला असेल तर येऊ दे. आणि तो पावागडाचं बोलतो आहे तर त्यानं फुफ्फुसांची तपासणी केव्हा करून घेतली, हेही विचारा. डॉक्टर लोक स्वतःचा दम स्वतःच वयावर ढकलतात.

आता तुमच्या आजच्या सवयी. लोक हसतात म्हणून एन-९५ सोडू नका. जगातले साधारण पाव टीबीचे पेशंट भारतात आहेत. त्यांतले कितीतरी निदान होण्याआधी दुसऱ्याच कुठल्या कारणानं आपल्या टेबलावर येतात. खोकला असलेला, वजन उतरलेला, इमर्जन्सीत आलेला, ज्याचा पूर्वेतिहास सांगणारं कुणी सोबत नाही असा पेशंट असेल तर एन-९५ हवाच, आणि तो कोविडच्या आधीही हवा होता. साध्या ठरलेल्या केसला, तपासून घेतलेल्या पेशंटला, सर्जिकल मास्क पुरेल. दोन्हींत फरक करणं हीच कसरत तुम्हाला परत शिकायची आहे. प्रत्येक केसच्या आधी मनाशी विचारा : आज मी तोंडाच्या जवळ किती वेळ जाणार? पेशंट खोकणार आहे का? खोली कोंदट आहे का? तीन उत्तरं, आणि त्यावर काय घालायचं ते ठरवा.

मोबाईलचं प्लास्टिक आणि मध्यरात्रीची आंघोळ मात्र सोडा. एकदम नाही, आधी प्लास्टिक. हात धुवा, ओटीचे कपडे ओटीतच ठेवा, बस. संरक्षण वाढवलं की ते वाढतंच असं नाही, याचं आपल्या शाखेतलं उदाहरण तुम्हाला आठवत असेल. २०२० मध्ये तैवानच्या एका भूलतज्ज्ञाची कल्पना, ती ॲक्रिलिकची पेटी, आपल्याकडे प्रत्येक गावच्या फॅब्रिकेटरनं बनवून दिली होती. पेशंटच्या डोक्यावर पेटी, दोन भोकांतून हात आत. देणगीदारांचे फोटोही आले पेपरात. नंतर तपासलं तर तिच्यामुळे ट्यूब टाकायला जास्त वेळ लागत होता आणि कडांना घासून किटच फाटत होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं अशा पेट्यांची परवानगी मागे घेतली. आणि ब्रिस्टलच्या लोकांनी ओटीत कण मोजले तेव्हा शांतपणे, स्नायू पूर्ण शिथिल करून ट्यूब टाकताना उडणारे कण साध्या एका खोकल्याच्या पाचशेव्या हिश्शाइतके निघाले. ट्यूब काढताना त्याहून जास्त, विशेषतः पेशंट खोकला तर. म्हणजे ज्या क्षणी तुमचा हात थरथरतो, तो क्षण तुमच्या हातात सर्वांत जास्त असतो. आणि केस संपली म्हणून आपण सैल पडतो, तिथं जरा जपायला हवं.

थरथर मात्र हसण्यावारी नेऊ नका. झोप, स्वप्नं, ओटीत शिरण्याआधी पोटात गोळा येणं, हे सगळं असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. ओळखीचा नको वाटत असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, तिथं नाव विचारून कुणी गावभर करत नाही. पेशंटला आपण बेधडक रेफर करतो, स्वतःला करताना मात्र आपल्याला लाज वाटते.

नोकरीचं उत्तर : घ्या, पण करार वाचून. तुमच्यासारख्या माणसाला ओटीची जबाबदारी मिळावी असंच मला वाटतं, कारण कपाटात किट आहे का हे तुम्ही विचारता. साथीचं कलम खोडायला सांगू नका, ते राहू द्या. त्याच्याखाली हॉस्पिटलची बाजू लिहून मागा. प्रत्येक कर्मचाऱ्याच्या चेहऱ्याला एन-९५ बसतो की नाही याची चाचणी वर्षातून एकदा. दाढीवाल्यांचं काय करायचं तेही त्यातच. किती दिवसांचा साठा कायम ठेवणार, आणि कपाटाची किल्ली रात्री कुणाकडे असणार. ही किल्ली फार महत्त्वाची, साठा असून किल्ली सापडली नाही म्हणून साध्या मास्कवर काम झालेली हॉस्पिटलं मी पाहिली आहेत. कर्मचारी आजारी पडला तर पगारी रजा किती, उपचाराचा खर्च कुणाचा, विमा कुणाच्या नावानं. कोविडच्या काळात केंद्राची ५० लाखांची योजना होती, पण खाजगीतल्या डॉक्टरांना ती लागू आहे का यावर कोर्टापर्यंत वाद गेले. तेव्हा ‘सरकार देईल’ यावर विसंबू नका. घरी दम्याचं माणूस आहे, तर साथीत राहायला वेगळी खोली मिळेल का, हेही आत्ताच विचारा. आणि या यादीत आयाबेन, वॉर्डबॉय, सफाईवाले यांची नावं डॉक्टरांच्याच रांगेत घाला. बर्मिंगहॅमचा आकडा त्यांना दाखवा.

जागा घेतलीत तर पहिल्या महिन्यात एक गंमत करा. सगळ्यांना किट घालायला लावा, हातमोज्यांवर हळदीचं घट्ट पाणी लावा आणि मग किट काढायला सांगा. कुणाच्या मानेवर, कुणाच्या मनगटावर, कुणाच्या कपाळावर पिवळा डाग लागेल. घालताना सगळे काळजी घेतात, काढताना घाई होते आणि लागण तिथंच होते, हे भाषणातून समजत नाही, डाग दिसला की समजतं. ओटीबाहेरच्या त्या खोलीला एक खिडकी पाडून घ्या, निदान एक्झॉस्ट बसवा.

ज्यांना नोकरी नको, कॉलवरच राहायचं आहे, अशा भूलतज्ज्ञांची पत्रंही मला येतात. त्यांनी एकेकट्यानं अटी घालू नयेत. एकानं घातल्या की सर्जन दुसऱ्याला फोन लावतो. गावातले आठ-दहा जण मिळून एक पान तयार करा : आमच्यापैकी कुणालाही बोलवायचं तर ओटीत हे हे असावं. सगळ्यांच्या सह्या, आणि ते पान प्रत्येक नर्सिंग होमला पाठवा. दुसऱ्याला फोन लावून उपयोग नाही, हे एकदा कळलं की सामान येतं. आणि प्रत्येकानं आपल्या बॅगेत दोन एन-९५, एक चष्मा, एक फिल्टर कायम ठेवावा. एक स्वतःसाठी, एक सिस्टरसाठी.

लग्नातल्या त्या वाक्याला उत्तर द्यायचं राहिलंय असं तुम्हाला वाटतं, ते द्यायला हरकत नाही. पुन्हा कुणी म्हटलं तर “हो, घाबरले होते. तुमच्याकडे किट का नव्हतं?” एवढं पुरे, आणि ते हसूनही म्हणता येतं.

हॉस्पिटलला ‘विचार करून सांगते’ असं तोंडी कळवू नका. प्रश्नांची यादी ईमेलनं पाठवा, उत्तरं लेखी येऊ द्या, आणि पगाराचा आकडा त्यानंतर बोला.